नाकापेक्षा मास्क जड

स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या बँक अधिकाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक सोसायटीचं सेक्रेटरीपद आणि दुसरा छंद. सेक्रेटरीपदाच्या निवडणुकीत आमच्या विंगनेसुद्धा मला मत दिलं नाही, तेव्हा मी सुतारकाम शिकायचं ठरवलं. त्याच सुमारास दाढीही वाढवली. हातात रंधा आणि तोंडावर करडी दाढी अशा एका माणसाचा फोटो मी कुठेतरी पाहिला होता आणि तो माणूस फार समाधानी दिसत होता. रंधा मारायला शिकावं लागतं, दाढीला काही शिकावं लागत नाही, म्हणून सुरुवात दाढीपासून केली.

पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये कार्यशाळा थाटायला ड्राय बाल्कनीखेरीज जागा नसते. तिथे वॉशिंग मशीन, कपड्यांच्या दोऱ्या, कांदे-बटाट्यांची जाळी आणि आता मी. पाडलेल्या एका वाड्याच्या तुळईतून निघालेली सागाची फळी मी मोठ्या घासाघिशीने मिळवली होती. चांगली दीड इंच जाड. हिचा देव्हारा करणार, असं मी घरात जाहीर केलं. बायको म्हणाली, "आहे त्या देव्हाऱ्याचा पाय हलतोय, तो आधी बघा." पण दुरुस्ती हा काही छंद नव्हे.

रंध्याशी माझं जमेना, म्हणून मी विजेवर चालणारा सँडर आणला. बटण दाबलं की तो थरथरतो, पॉलिश पेपर गरगर फिरतो आणि लाकूड आपोआप गुळगुळीत होतं. जे गुळगुळीत होत नाही ते हवेत जातं. तासाभरात दोरीवरचे पांढरे कपडे बदामी झाले, कांद्यांना मखमल आली आणि मला शिंका सुरू झाल्या. सागाच्या लाकडात मुळातच काही रसायनं असतात, त्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. वाळवीला जे कळतं ते वीस वर्षं कर्जं मंजूर करणाऱ्या माणसाला कळलं नव्हतं.

शेवटी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकात दुर्बीण घातली, बराच वेळ आत पाहिलं आणि विचारलं, "काय करता आपण?"

"बँकेत होतो."

"बँकेत एवढी धूळ?"

मी सुतारकामाचा उल्लेख केला. त्यांनी चिठ्ठीवर औषध लिहिलं आणि खाली लिहिलं, 'धुळीचा मास्क, नीट बसणारा.' मला वाटलं, ही तर खरेदी आहे. औषधापेक्षा सोपं.

खरेदीआधी अभ्यास करायची सवय जुनी. इंग्लंडात हाय विकम नावाचं गाव आहे, खुर्च्या बनवण्यासाठी प्रसिद्ध. त्या भागातल्या फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या आतला एक अगदी दुर्मीळ कर्करोग वारंवार दिसतो, हे तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं आणि १९६८ साली त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवलं, म्हणजे तंबाखूच्या पंगतीला. वाचलेलं ताबडतोब मोठ्याने वाचून दाखवायची माझी खोड. बायकोने पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग सोडा की हे सगळं. कॅरम खेळा." तेव्हापासून अभ्यास मनातल्या मनात करू लागलो.

घरात कोविडच्या काळातले निळे सर्जिकल मास्क खणभर होते. फुकट ते पौष्टिक, म्हणून पहिला मान त्यांना. तो मास्क मुळात लावणाऱ्याचे शिंतोडे दुसऱ्यावर उडू नयेत म्हणून असतो. गालांपाशी तो उघडाच राहतो. धूळ गालांकडून आत यायची आणि बाहेर पडताना मात्र मास्कला अडायची. त्यांच्यावर मी फळीची एक बाजू घासून काढली.

मग रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेलो. खिळ्यापासून क्रेनच्या हुकापर्यंत सगळं मिळणारी ती आळी. एका दुकानात ऐटीत म्हणालो, "एन पंचाण्णव दाखवा."

"कशासाठी काका? रंग, थिनर, सिमेंट, का लाकूड?"

"एन पंचाण्णव," मी पुन्हा म्हणालो. आकडा पाठ करून गेलो होतो, प्रश्नाची तयारी नव्हती.

आता एवढा आकडा आलाच आहे तर सांगून टाकतो, कारण त्यावर मी फार मेहनत घेतली आहे. एन म्हणजे तेलकट कणांपुढे न टिकणारा. तेलाला काही काळ टिकतो तो आर, पुरता टिकतो तो पी. पंचाण्णव म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवणारा. अमेरिकेची ही वर्गवारी १९९५ची. युरोपात एफएफपी १, २, ३ अशा पायऱ्या आहेत, अनुक्रमे ८०, ९४ आणि ९९ टक्क्यांच्या. आपल्याकडेही तशाच पायऱ्या आहेत आणि आयएस ९४७३ हे त्या मानकाचं नाव. तो आकडा आणि आयएसआयचा शिक्का मास्कवर शोधावा. मी तो दुकानात भिंगाने शोधला, तेव्हा मागे रांग लागली होती.

पण ०.३ मायक्रॉनच का? मला वाटत होतं, जाळी म्हटली की मोठा अडकतो आणि जितका बारीक तितका सुटतो. इथे तसं नाही. मोठे कण सरळ धावतात, त्यांना वळता येत नाही, ते धाग्यांवर जाऊन आदळतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि भटकता भटकता धाग्याला चिकटतात. मधल्या आकाराचा कण तेवढा ना आदळतो ना भटकतो, गुपचूप वाट काढून पलीकडे जातो. मध्यमवर्गाला कुठेतरी सवलत मिळाल्याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण.

दुकानदाराने दोन दाखवले. एक डोक्यामागून दोन पट्टे घ्यायचा, समोर झडप असलेला. दुसरा कानात अडकवायचा, बिनझडपेचा. झडप पाहताच २०२० साली केंद्राच्या आरोग्य खात्याने झडपेच्या मास्कबद्दल दिलेला इशारा मला आठवला. मी तो इशारा दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला. झडपेतून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, दुसऱ्याला लागण होऊ शकते, वगैरे.

दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं. "काका, फळीला कोविड होणार आहे का?"

धुळीच्या कामात झडप ही सोय असते. आत येणारी हवा गाळूनच येते, बाहेर जाणारी दमट हवा चटकन निघून जाते. हे त्याने सांगितलं, मला पटलं आणि इतक्या लोकांसमोर पटल्यासारखं दाखवणं शक्य नसल्याने मी बिनझडपेचाच घेतला. कानात अडकवायचे मास्क डोक्यामागच्या पट्ट्यांइतके आवळून बसत नाहीत, हेही तो म्हणाला होता. घरी येऊन सँडर सुरू केला. श्वास नाकाच्या दांडीशेजारून वर गेला, चष्मा धुकाळला आणि मी फळीऐवजी बराच वेळ कट्टा घासला. चष्म्यावर धुकं आलं म्हणजे मास्क तिथे गळतोय, अशी ती सरळ खूण असते. मी त्या दिवशी तिचा अर्थ 'पुण्यात दमटपणा वाढलाय' असा घेतला.

दुसऱ्या दिवशी झडपेचा, पेल्याच्या आकाराचा आणायला परत गेलो, दुसऱ्या दुकानात. या पेल्याची जन्मकथा मोठी मजेदार आहे. सारा लिटल टर्नबुल नावाची अमेरिकन डिझायनर थ्रीएम कंपनीसाठी न विणलेल्या कापडातून ब्रेसियरचे साचेबंद कप तयार करत होती, आणि तिथूनच तोंडावर बसणाऱ्या साचेबंद मास्कची कल्पना पुढे आली. १९७२ साली त्या कंपनीचा वापरून टाकायचा धुळीचा मास्क बाजारात आला. ही माहिती मी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना, मास्क हातात धरून, का सांगितली हे मला आजही सांगता येणार नाही.

पेला-मास्क बरा चालला. इतका की तो मळका झाला आणि एके सकाळी दोरीवर, माझ्या बनियनशेजारी, चिमट्याला लटकलेला दिसला. पांढराशुभ्र. कम्फर्टचा मंद सुवास. मी बायकोचं मनापासून कौतुक केलं. नंतर वाचलं की या मास्कच्या आतल्या थरातल्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो; कण ओढून घ्यायचं बरंचसं काम तोच करतो. साबणाने नाहीतर सॅनिटायझरने धुतलं की भार उतरतो. दिसायला मास्क तोच, पण त्यातला राम गेलेला. हे तिला सांगायचं कसं, या विचारात मी दोन दिवस तोच सुवासिक मास्क लावून शिंकत राहिलो.

याच दिवसांत वरच्या मजल्यावर इंटिरियरचं काम चालू होतं. तिथले मिस्त्री नाकाला रुमालही न बांधता एमडीएफचे तक्ते कापत होते. मला अर्थातच राहवेना. हाय विकम, पहिला गट, ०.३ मायक्रॉन असं सगळं सांगून मी त्यांना नवा कोरा पेला-मास्क भेट दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, "साहेब, लई चांगली वस्तू आहे" म्हणाले. संध्याकाळी पाहायला गेलो तर मास्क त्यांच्या फळीवर उताणा होता आणि त्यात दोन आकारांचे स्क्रू होते.

"मास्क लावला तर थुंकायचं कुठं, साहेब?" गालातला तंबाखू सावरत त्यांनी विचारलं. मग खाली येऊन माझी फळी पाहिली. हात फिरवला. "ही मशिन कशाला फिरवता? रंधा मारा. रंध्याचे छिलके खाली पडतात, नाकात जात नाहीत. पेपर शेवटाला, दोन हात. आणि मशिनला मागं भोक आहे ना, तिथं व्हॅक्युमचा पाइप लावा."

सँडरला मागे भोक होतं. मला वाटत होतं, ते मोटरला वारा लागावा म्हणून ठेवलंय.

पण व्हॅक्युम क्लीनर बायकोच्या ताब्यात, रंध्याशी माझं वैर, आणि मुख्य म्हणजे मास्क या विषयात मी आता इतका खोल गेलो होतो की बिनमास्कचा उपाय मला अपमानास्पद वाटला. मी तिसऱ्या दुकानात जाऊन रबरी अर्धमुखी मास्क घेतला. दोन बाजूंना दोन डबे, डोक्याला जाळीदार पट्टे. आरशात पाहिलं तर साक्षात वराहावतार. बायकोनेही नेमका तोच शब्द वापरला, अवतार वगळून. मी तिला सांगितलं, रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की शेंदरी खनिजाची भुकटी करणारे कामगार जनावराच्या मूत्राशयाची पिशवी तोंडावर चढवायचे. त्यापेक्षा हे बरं.

"मटणवाल्याला विचारून ठेवू का?" ती म्हणाली.

या मास्कमध्ये बोललेलं बाहेर कुणाला धड कळत नाही. तहान लागली म्हणून मी आतून "पाणी दे" ओरडलो, तर तिने फणी आणून दिली आणि दाढीकडे बोट दाखवलं. दाढीबद्दल तिचं मत मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

डबे निवडताना दुकानदाराने काळा पट्टा असलेले, महागाचे, कार्बनवाले पुढे केले होते आणि महाग ते चांगलं या तत्त्वावर मी ते घेतले. सँडर सुरू केला आणि काय सांगू, सागाचा वास एकदम नाहीसा! इतके दिवस जो वास नाकात बसला होता तो गायब. जिंकलो असं वाटलं. संध्याकाळी नेहमीपेक्षा दुप्पट शिंका आल्या. कोळसा वायू आणि वाफा शोषतो. पॉलिश मारताना, थिनरच्या वेळी तो हवाच. पण बारीक धूळ अडवायची जबाबदारी त्याच्यावर नसते. माझ्या डब्याने वास बाहेर ठेवला होता आणि भुसा आत सोडला होता. धुळीच्या फिल्टरचं नेमकं उलट: तो धूळ गाळतो आणि वास खुशाल येऊ देतो. म्हणजे नीट मास्क लावून सागाचा वास येत असेल तर घाबरायचं कारण नाही. मग पी १०० नावाचे चपटे फिल्टर आणले. ९९.९७ टक्के. इतका व्याजदर असता तर मी बँक सोडलीच नसती.

आणि इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. अमेरिकेचे कामगार-सुरक्षेचे नियम वाचताना दिसलं की कामगाराला मोजूनमापून, चाचणी घेऊन बसवलेल्या अर्धमुखी मास्कलाही ते दहापट संरक्षण एवढंच श्रेय देतात. बाहेर शंभर कण असतील तर आत दहा धरायचे. फिल्टर ९५ टक्क्यांचा असो की ९९.९७चा, श्रेय तेवढंच! मी कागदावर तीन वेळा हिशेब मांडला. गळती फिल्टरमधून नाहीच. ती कडेने आहे. रबर आणि कातडी यांच्यामध्ये जी फट राहते तिथून. इतके दिवस मी तिजोरीचं कुलूप निवडत होतो आणि खिडकी उघडी होती.

खिडकी म्हणजे दाढी.

अमेरिकेतल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने दाढी-मिशांच्या तऱ्हांचा एक सचित्र तक्ता काढला आहे, कोणती मास्कखाली चालते आणि कोणती नाही असा. चॅप्लिनछाप मिशी चालते. ओठाखालचा बारीक पुंजका चालतो. पूर्ण दाढी चालत नाही. दोन दिवसांचे खुंटसुद्धा चालत नाहीत. मी तक्ता आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. माझ्यासारख्या चेहऱ्याखाली फुलीच होती. दाढीवाल्यांसाठी कमरेला मोटर आणि डोक्यावर सैल टोप असं एक यंत्र असतं, ते चालतं. पण त्याच्या किमतीत तयार देव्हारा आला असता, वर चांदीच्या मूर्तीसकट.

तरी मनाचा हिय्या होईना. माझी दाढी मऊ आहे, कदाचित चालत असेल, म्हणून चाचणी घ्यायचं ठरवलं. शास्त्रशुद्ध चाचणीत डोक्यावर टोप घालून आत सॅकरीनचा किंवा जहाल कडू द्रवाचा फवारा मारतात आणि माणसाला मान हलवायला, बोलायला लावतात. जिभेला चव लागली की नापास. घरी ना टोप ना फवारा. पण एप्रिल होता आणि बायको काळ्या मसाल्याच्या मिरच्या भाजायला बसली होती. मिरचीचा ठसका हवेतल्या सूक्ष्म कणांवर स्वार होऊनच येतो. (झोंबणाऱ्या धुराची चाचणी पूर्वी खरोखर घेत, हल्ली तज्ज्ञ ती नको म्हणतात. का, ते मी सांगू शकतो.)

मी मास्क चढवला, स्वयंपाकघरात जाऊन शेगडीशेजारी उभा राहिलो आणि नियमाप्रमाणे मान वर-खाली, डावी-उजवी केली. पहिल्या परातीला काही झालं नाही. मी अंगठा दाखवला. दुसऱ्या परातीला दाढीतून काहीतरी चढत आल्याचं जाणवलं. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मास्कच्या आत खोकता येत नाही हे एवढं कळलं, आणि हेही की पट्टे घाईत सुटत नाहीत.

"आणा इकडे," बायको म्हणाली. दरवर्षी पदर नाकाशी धरून, डोळे पुशीत हे काम करणारी ती बाई. तिने मास्क चढवला, दोन्ही तळहात फिल्टरवर दाबून एक श्वास घेतला, मास्क चेहऱ्याला आत ओढला जातो का ते पाहिलं आणि पट्टे सारखे केले. हे तिला कोणी शिकवलं? सोबतचा कागद मी टाकून दिला होता, तो तिने वाचला होता. मग उरलेल्या मिरच्या, धणे, खोबरं, दगडफूल असं सगळं तिने एका बैठकीत भाजून काढलं. एकदाही ठसका नाही. मी बाल्कनीत डोळ्यांवर पाणी मारत होतो.

त्या संध्याकाळी दाढी केली. खाली जी हनुवटी निघाली ती मला आठवत होती त्यापेक्षा लहान होती. बायकोने निरखून पाहिलं, "पूर्वी जास्त होती ना हो?" एवढंच विचारलं, आणि मास्क मसाल्याच्या डब्यांच्या फळीवर ठेवून दिला. तो आता तिचा. मी चौथ्या दुकानातून दुसरा आणला. तोही तळहात दाबून तपासला आणि तो गालांना चिकटून बसला. सँडरच्या भोकाला व्हॅक्युमचा पाइपही लावला, रीतसर परवानगी घेऊन. तासभर काम केलं. शिंक नाही, चष्म्यावर धुकं नाही, दोरीवरचे कपडे पांढरे. सागाचा सुरेख वास येत होता. मी मास्क न काढता बायकोला हाक मारली.

ती आली. फळी उचलून कडेने पाहिली. निळे मास्क, कानातला, पेला, धुतलेला पेला, कोळशाचे डबे, सगळ्यांच्या चाचण्या त्या एकाच फळीवर झाल्या होत्या. दीड इंचाची ती एका बाजूला अर्ध्या इंचावर आली होती.

"याचा देव्हारा नाही व्हायचा," ती म्हणाली. "निदान पोळपाट तरी होईल का?"

"होईल की!" मी मास्कमधून ओरडलो.

"होळी?" ती म्हणाली. "ती झाली की गेल्या महिन्यात. आता पुढच्या फाल्गुनापर्यंत ही कुठे ठेवू?"